विसाव्याचा ओटा

गुरुजी,

कॉलेजच्या आवाराला भिंत घातली. मला शिसारी आली आहे, आणि ती ज्याच्यापाशी बोलून दाखवावी असं गावात आता कोणी उरलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपली शाळा म्हणजे गायरानातल्या तीन पत्र्याच्या खोल्या. गावानं ते गायरान दिलं ते एकाच शब्दावर, की नदीकाठच्या स्मशानाची वाट कधी अडवायची नाही. चावडीपुढं नारळ फोडून तो शब्द तुम्हीच दिला होता. आता त्या खोल्यांचं कॉलेज झालं आहे आणि मी तिथं इतिहास शिकवतो. मुंबई रस्त्याला कारखाने उभे राहिले, तशी कॉलेजनंही मान तिकडं वळवली. कमान तिकडं, कारंजं तिकडं, साहेबांच्या मोटारी थांबायला फरसबंदीही तिकडंच. गावाकडं मात्र पुरुषभर उंच भिंत, वर काचा. “शहर अंगावर येतंय, आत्ताच आवार बांधून घेतलं पाहिजे,” असं प्राचार्य बैठकीत म्हणाले. शहर येतंय मोठ्या रस्त्यानं आणि भिंत गावाला!

स्मशानाच्या वाटेवरचा विसाव्याचा ओटा भिंतीच्या आत सापडला. तिरडी तिथं टेकवून खांदेकरी बदलतात, हे मुंबईहून आलेल्या इंजिनियरला कुठून ठाऊक असणार? लोकांनी बसायला बांधलाय, असं समजून त्यानं ओट्याला छान गिलावा केला, आणि बागेला शोभा यावी म्हणून समोर तस्साच दुसरा बांधला. मी समितीत सांगितलं तर सगळे खो खो हसले. “मुलांना कळू देऊ नका हं, डबे खायचे बंद होतील,” एक जण म्हणाला. खातात, गुरुजी. तुम्हाला टेकवलं होतं तिथं आता भज्यांचे तेलकट कागद पडलेले असतात.

परवा कुंभारवाड्यातली म्हातारी गेली. भिंतीत एक लहान फाटक ठेवलं आहे, तिथं लोक तिरडी घेऊन आले, तर कुलूप. पहारेकरी आपल्याच गावचा.

“आत परीक्षा चालल्यात. उघडायचा हुकूम न्हाई मला.”

“आरं, तुझा बा ह्याच वाटंनं गेला न्हवं?”

“व्हय. पर नोकरी हाय माझी.”

त्यांनी तिरडी भिंतीच्या कडेला, उरलेल्या चुन्याच्या ढिगाशेजारी टेकवली, खांदे बदलले आणि लॉऱ्यांच्या धुरळ्यातून मोठ्या रस्त्यानं निघून गेले. प्राचार्य माझ्याबरोबर खिडकीत उभे होते. म्हणाले, “तिकडून जायला काय होतं यांना? चांगला डांबरी रस्ता आहे.” त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना. आणि हेच लोक ग्रंथालयाला तुमचं नाव देणार आहेत! त्या दिवशी तुमच्यावर चार शब्द बोला म्हणून माझ्या मागं लागले आहेत. मी तोंडावर नाही म्हणून आलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, एवढं मला कळतं. पण एक सांगून टाकतो. आमची आई अंथरुणाला खिळली आहे. कित्येक महिन्यांत ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही, त्यामुळं भिंत तिनं पाहिलेली नाही, आणि घरात कोणी तो विषय काढत नाही. काल पेज भरवत होतो, तर मध्येच माझा हात धरून म्हणाली, “मला इसाव्यावर नीट टेकवा हां. खांदा बदलताना घाई करू नका.”

मी म्हणालो, “न्हाई करणार, आये.”