आईच्या वालातलं लोह

३ एप्रिल १९९६
तेवीस गावं, तेवीस पिशव्या! आणि शेती संशोधन केंद्रात साहेब म्हणतात, पेण-रोह्याचा वाल एकच. डोळे आहेत की भोकं? एक नखाएवढा, एक ठिपक्यांचा, एक इतका कडू की दोनदा पाणी बदलावं लागतं. तेविसावी पिशवी आमच्या गावची, वरशाची, आईच्या घरची. सगळ्या तपासणीला गेल्या.

२० जून
निकाल आला. लोह सगळ्यात जास्त कुणाच्या वालात? आईच्या! बाकीच्यांच्या दुप्पट. साहेब मला पहिल्यांदाच ‘बस’ म्हणाले, चहा मागवला.
चहा पिता पिता आठवलं. कीड लागू नये म्हणून आई वालाला तांबडी माती चोळून ठेवते. ती माती लोहानंच तांबडी. आणि मी नमुना धुतलाच नव्हता! सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खुर्ची गोड लागली, दुसरं काय.

२ जुलै
साहेबांना आईचं सगळं बियाणं हवंय. आई म्हणाली, “सगलं? गो, मग पेरू काय?” म्हटलं, पेरणीआधी परत मिळेल. तिनं मडकं उपडं केलं. दोन पायल्या. मूठभरसुद्धा मागे ठेवलं नाही — मी म्हटलं म्हणून.

११ सप्टेंबर
सगळा वाल धुऊन पुन्हा तपासला. लोह चारचौघांइतकंच! साहेब सगळ्यांसमोर, “माती मोजून आणलीस होय?” मी उभीच. खुर्ची गेली. म्हणाले ते खरंच होतं.

४ ऑक्टोबर
वालाचं काम बंद. गोदामातल्या हिरामणला पिशव्या हव्या होत्या, त्यानं तेवीसच्या तेवीस एका गोणीत ओतल्या. आईच्या दोन पायल्याही त्यातच! मी ओरडले. तो म्हणतो, “बाय, वालच ना सगले?”
गोणीत हात घालून तासभर बसले. माती धुऊन गेलेले दाणे, आईचे कुठले कसं ओळखू? तिच्या सासूच्या सासूपासूनचं बियाणं, मी घालवलं.

२९ ऑक्टोबर
भात कापून झालं. आईचा निरोप — शेतातली ओल उडतेय, बियाणं कधी आणतेस? पेणच्या बाजारातून दोन पायल्या वाल घेतला आणि वरशाला गेले. म्हटलं, तुझंच आहे, धुतलंय म्हणून वेगळं दिसतं. तिनं ओंजळीत घेतलं. खाली ठेवलं. परत घेतलं. “बरं,” म्हणाली.
सख्ख्या आईला फसवलं. थू माझ्यावर!

२ नोव्हेंबर
आईनं पेरलं.

१९ जानेवारी १९९७
वरशाला पोपटी केली. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा, सगळी आळी जमलेली. शेजारची काशीबाई एक शेंग खाऊन आईला म्हणाली, “कृष्णाबाय, ह्ये तुझं वाल नाय गो!”
आईनं शेंग सोलली. सावकाश खाल्ली. माझ्याकडे बघितलंही नाही.
“माझंच हाय. माझ्या पोरीनं जपून परत आणलं.”