आधी गोलकीपरला उठीव

समस्त-करवीर-क्रीडांगण-चक्रवर्ती, फक्की-रेषा-विशारद, अखंड-शिट्टीधर, शालेय-फुटबॉल-संघ-प्रतिपालक, उन्मत्त-पुत्र-दमनक, पाकगृह-सव्यसाची, श्रीमत् पी. टी. मास्तर यांच्या चरणी, अमेरिका-खंड-निवासी, विमा-संगणक-दोष-निवारक, ग्रीनकार्ड-प्रतीक्षा-व्रतस्थ चिरंजीवाचा साष्टांग दंडवत. गुडघ्यांची सद्यःस्थिती पाहता हा दंडवत मानसिक समजावा.

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एकही पत्र लिहिले नाही, आणि हयातीत जी लिहिली त्यांत हवामान व प्रकृती यांपलीकडे काही नव्हते. आज लिहितो आहे, कारण माझ्या हातून एक अपहार झाला आहे. अपहृत वस्तू तुमची आहे. परंतु अपराध्याने थेट अपराधावर यावे ही अपेक्षा अन्याय्य असल्यामुळे प्रथम आमच्या शेजाऱ्याविषयी लिहितो.

ईडन प्रेरी नावाच्या इथल्या उपनगरात आमच्या शेजारच्या घरात तीन वर्षे एक स्लोव्हेनियन स्ट्रायकर सहकुटुंब राहत होता. त्याच्या देशाची लोकसंख्या आपल्या पुण्याहून कमी आहे, हे त्यानेच मला पहिल्या भेटीत काहीशा अभिमानाने सांगितले. कागद-गिरणीतल्या फोरमनचा हा मुलगा अठराव्या वर्षी एक बॅग घेऊन ऑस्ट्रियात खेळायला गेला, आणि तेव्हापासून तो परदेशीच होता. इटलीत, दुसऱ्या श्रेणीच्या संघात, त्याने एक अख्खा हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून इटालियन भाषा शिकण्यात सत्कारणी लावला. पोलंडमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सायप्रसमध्ये संघातले सर्वाधिक गोल त्याचे होते. तुर्कस्तानात लग्नाच्या चौथ्या दिवशी तो सामना खेळला, आणि बत्तिसाव्या वर्षी इथल्या एका दुय्यम श्रेणीच्या संघात दाखल झाला. स्वदेशाच्या राष्ट्रीय संघातून तो एकदाच उतरला, तोही अकरा मिनिटे. "अकरा मिनिटांत चार वेळा चेंडू माझ्याकडे आला," तो मला म्हणाला. "त्यातले दोन थ्रो-इन होते, नेबर. पण शर्ट खरा होता!" सहा देशांत पोटासाठी गोल करणाऱ्या या मनुष्याचा मला पहिल्या दिवसापासून विलक्षण अभिमान वाटत आला, जणू काही त्याच्या गुडघ्यात माझेही थोडेफार योगदान असावे. तुम्ही असता तर त्याला अंगणात उभा करून आधी डाव्या पायाची परीक्षा घेतली असती.

आमच्या स्नेहाचे मूळ मात्र फुटबॉल नव्हे, लाटणे. त्याची पत्नी नाताळात अक्रोडाचे सारण भरून एक लांबलचक गुंडाळी भाजते. तिचे पीठ कागदासारखे पातळ लाटावे लागते. तिचे लाटणे तुर्कस्तानात राहिले होते. आमच्या सौभाग्यवतींनी तिला आपले शिसवी लाटणे दिले. तेच, तुमच्या संघातल्या सुताराच्या मुलाने स्वतः घडवून तुम्हाला आणून दिलेले. आई गेल्यावर रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून तुम्ही त्याने पोळ्या लाटायचात, आणि मैदानाला उशीर झाला की पिठाच्याच हाताने शिट्टी वाजवायचात. मी अमेरिकेला निघालो तेव्हा माझ्या बॅगेतली दोन पुस्तके काढून ते तुम्ही आत खुपसलेत. "पुस्तकं मिळतील तिकडं. ह्ये न्हाई मिळायचं." ते दर नाताळात शेजारी जायचे आणि अक्रोडाचा सुवास घेऊन परत यायचे.

गेल्या शरद ऋतूत माझा स्ट्रायकर संकटात सापडला. नऊ सामने, गोल शून्य. हंगामाअखेर करार संपणार, कराराबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर मुलीची शाळा. ही साखळी मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती; तिच्याच एका कडीला मी इतकी वर्षे लोंबकळतो आहे. शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी आम्ही दोघे आपापल्या अंगणातली पाने दाताळ्याने ओढत होतो. "शनिवारी गोल झाला नाही तर घरी," तो म्हणाला. "सतरा वर्षांनी. आणि घरी जाऊन सांगू काय? थ्रो-इनची गोष्ट?"

त्याचे सांत्वन करावे या उदात्त हेतूने मी त्याला माझ्या शालेय अंतिम सामन्याची कथा सांगितली. शेवटची पाच मिनिटे. मी गोल केला. सगळे मैदान नाचत असताना मी मात्र परत वळलो, पडलेल्या गोलकीपरला हात देऊन उठवले, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि मगच आनंद साजरा केला. "माझ्या वडिलांचा नियम होता," मी म्हणालो. "आधी गोलकीपर, मग नाच. स्ट्रायकरला लोक गोलांवरून ओळखतात. ते मला यावरून ओळखायचे." त्याने दाताळ्यावर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "गुड फादर." आणि पुन्हा पाने ओढू लागत, "गुड सन."

अण्णा, त्या दिवशी काय घडले हे आपण दोघेच जाणतो. मी शर्ट काढून कोपऱ्यातल्या झेंड्याभोवती नाचत होतो. तुम्ही रेषेवरून ओरडलात, "काय रं ए! मॅचला आलायस का वरातीला? आधी त्या पोराला उठीव!"

"त्यांचा हाय त्यो, अण्णा!"

"त्यांचा म्हणून काय झालं? हात मोडलाय का तुझा?"

मी गेलो नाही. मग तुम्ही स्वतः मैदानात गेलात, त्याला उठवलेत, त्याच्या पाठीवरची माती झटकलीत, आणि येताना मला दंडाला धरून बाहेर काढलेत. बदली खेळाडू उरला नव्हता. आपण दहा जण खेळलो, त्यांनी दोन गोल केले, चषक गेला. संध्याकाळी तुम्ही पोळ्या लाटल्यात, मला नेहमीपेक्षा एक जास्त वाढलीत, आणि त्याविषयी पुन्हा कधी एक शब्द बोलला नाहीत.

शनिवारी दुपारी मी कन्येसह प्रेक्षागारात विराजमान झालो. शेवटच्या वीस मिनिटांसाठी त्याला उतरवले. चार मिनिटे उरली असता उजवीकडून चेंडू उंच आला, आणि हा पस्तिशीचा, दुरुस्त गुडघ्याचा मनुष्य दोन तरण्याबांड बचावपटूंच्या मधून वर उठला. हेडर. गोल! तो हात पसरून कोपऱ्याकडे धावत सुटला आणि अर्ध्या वाटेत, गॅस चालू राहिल्याची आठवण व्हावी तसा, थबकला. वळला. परत गेला. पडलेल्या गोलकीपरने आधी संशयाने त्याच्याकडे पाहिले, मग हात धरला. त्याने त्याच्या पाठीवरचे गवत झटकले, मग आमच्या दिशेला वळून बोट दाखवले.

"बाबा, ही इज पॉइंटिंग ॲट यू! व्हाय?"

"शेजारधर्म," मी म्हणालो. "आर यू क्राइंग?" या प्रश्नाला मी परागकणांचे कारण दिले, ऑक्टोबरात परागकण नसतात हे तिला ठाऊक आहे.

सामना जिंकला, करार मात्र वाढला नाही. क्लबला तरुण हवा होता. त्याला चौकटीत बसवलेला शर्ट मिळाला. तो आता आपल्या गावी, बंद पडलेल्या कागद-गिरणीमागच्या मैदानावर, बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. निरोप घेताना म्हणाला, "पहिल्या दिवशी तुझी गोष्ट सांगणार, नेबर. सतरा वर्षांनी घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं." तेवढा एक क्षण होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ड्राइव्ह सेफ." विमानतळावर तो टॅक्सीने निघाला होता.

तर आल्प्सच्या पायथ्याशी सध्या काही मुले अशा समजुतीत वाढत आहेत की कोल्हापुरात एक थोर मनाचा मुलगा होऊन गेला. नियम तुमचा पोहोचला, हात तुमचा पोहोचला. नाव माझे लागले. हाच तो अपहार. त्याच्या कारकिर्दीचा अभिमान, तुमचा अभिमान, दोन्ही शंभर नंबरी आहेत. बनावट आहे तो मधला मीच. हे पत्र कुठे पाठवायचे हा प्रश्न नाही, ते फ्रिजच्या वॉरंटीच्या फाईलमध्ये जाईल. खरे म्हणजे त्याला दोन ओळी लिहायला हव्यात. त्याही लिहिलेल्या नाहीत.

आणि त्यात ते लाटणे. शेवटच्या नाताळात शेजारी गेलेले ते परत येण्याआधीच सामान बांधणाऱ्यांनी त्यांच्या कंटेनरमध्ये भरले. त्याच्या पत्नीने स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलेल्या लाटण्याचा फोटो पाठवून "लवकरच पाठवते" असे कळवले, त्याला चार महिने झाले. सौभाग्यवती रोज विचारतात, "अरे, फोन करायला तुला होतं काय?" फोन केला तर तो उचलणार, मुलांची खुशाली सांगणार, ती गोष्ट पुन्हा काढणार. म्हणून इंडियन स्टोअरमधून एक नवे लाटणे आणले आहे. त्याची एक मूठ फिरते, दुसरी फिरत नाही, आणि पोळी डाव्या बाजूने जाड येते.