पहाटेचा रियाज आणि तेंदूपत्ता

१४ मे, आलापल्ली

उन्हाळी गायन शिबिराचा रियाज मी पहाटे पाचला ठेवला. तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांचा हंगाम डोक्यातच आला नाही! चार दिवस एकही मुलगी फिरकली नाही आणि मी त्यांना आळशी म्हणून मोकळी. आज संध्याकाळी त्यांच्यातली सुनंदा पानांचं गाठोडं घेऊनच आली.

"बाई, सकारी आमी पत्ता तोडाले जातो. पुडे बांधता बांधता गायलं तं चालते का?"

नाखुशीनंच हो म्हटलं. तिची बोटं पानं जुळवत होती, आणि सा? जरासुद्धा हलला नाही. तानपुरा घेऊन मला तरी असा कितीदा लागतो? उद्यापासून रियाज संध्याकाळी, गाठोड्यांसकट.

हाताला अजून पानांचा वास येतोय. मीही एक पुडा बांधला होता. सुनंदानं तो सोडला आणि म्हणाली, "पुन्हा." अगदी मी रियाजात म्हणते तसं.