एका सिलिंडरचा मिस्त्री

मु. नागभीड, जिल्हा चांदा
आश्विन वद्य पंचमी

दादाजीभाऊंना डोमा मिस्त्रीचा रामराम पोचावा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. वहिनीबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटरचं काम म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं आलं, तेव्हा गुडघ्याला जपा, तिळाचं तेल चोळा. तुमचा चष्मा फुटल्यापासून तुमची पत्रं शेडमधला बाबू वाचून दाखवतो असं ऐकलं, म्हणून हे पत्र चौथीच्या गुरुजींनी शिकवलं तसं शुद्ध लिहून राहिलो आहे. बाबूलाही रामराम.

गेल्या दिवाळीपासून आपला पत्रव्यवहार बंद आहे. त्याचं कारण मी केव्हाच विसरलो. (तुम्ही माझ्याच ओसरीवर बसून, हातात माझ्याच घरची करंजी घेऊन, जावयासमोर म्हणाले होते, “डोमा, तू धानाच्या मिलमधला एका सिलिंडरचा मिस्त्री. चाराच्या भानगडीत पडू नको.” जावई हसला होता. पण मी विसरलो.) घरच्या माणसांनी असल्या गोष्टी मनात ठेवू नयेत. आज पत्र लिहायला बसलो ते केवळ ख्यालीखुशालीसाठी, दुसरं काही कारण नाही.

आपल्या सुगंधेला सातवा चालू आहे हे तुम्हाला कळलंच असेल. वसुबारसेला आठवा लागतो. आठव्यात पोरीला सासरहून हलवत नाहीत आणि नवव्यात हलवायची कोणाची छाती नाही. म्हणजे वसुबारसेच्या आत ती घरी आली तर आली, नाहीतर पहिलं बाळंतपण तिकडे एटापल्लीला. तिथे जावई फॉरेस्टात नाकेदार आहे, माणूस चांगला आहे, पण डॉक्टर म्हणून जो आहे तो महिन्यातून एकदा येतो, तेही नाल्याला पाणी नसलं तर. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली आमची एकुलती एक पोर. दादाजीभाऊ, मला जेवण गोड लागत नाही. ताटावरून उठतो, अंगणात जातो, परत येऊन बसतो, तोवर भाजी थंड झालेली असते.

तुमच्या बहिणीनं, भागीरथेनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “सर्व्हिस मोटारनं आलापल्लीले जाऊ, पुढं बंडी करू, पोरीले घेऊन येऊ.” सरळ बाईमाणूस, तिला एवढंच सुचणार. मी म्हटलं, सातव्यातली पोर बैलबंडीचे हिसके खात येणार नाही. डोमा मिस्त्रीची पोर घरच्या मोटारीनं येईल.

आता मोटार कुठून आणली म्हणून तुम्ही विचाराल. आमचे मिलमालक गुणवंतराव यांच्याकडे एक मोटार आहे. जंगलाच्या ठेक्यावरचा एक गोरा साहेब स्वातंत्र्यानंतर विलायतेला परत गेला, तेव्हा त्यांना देऊन गेला. लाल, बुटकी, शर्यतीची मोटार, दोनच सिटांची. साहेब तिच्यात बसून वाघ बघायला जायचा म्हणतात. इतक्या खाली बसल्यावर वाघच साहेबाला बघत असेल. सात वर्षं ती मिलच्या पडवीत उभी होती आणि सिटामागच्या खणात एक कोंबडी अंडी घालत होती. गुणवंतराव मला म्हणाले, “डोमा, चालू केलीस तर पहिली फेरी तुह्या पोरीची.” मालकानं एवढा विश्वास टाकल्यावर मिस्त्रीनं काय म्हणायचं? मी तिथल्या तिथे हो म्हटलं. भागीरथेनं मोटारीला एक फेरी मारली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “इच्यात मी कुठी बसू?” मी म्हटलं, आधी इंजिन, मग बसण्याचं पाहू. बायकांना कामाच्या आधीच अडचणी दिसतात.

मिलमध्ये तेलाचा चिखल नको म्हणून मोटार घरी आणावी लागली. दोन बैल लावून आणली. सारं नागभीड पाहत होतं. अंगणात लावली, हँडल मारलं, पोटातून खोकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन सुरू झालं. दोन मिनिटं चाललं, पांढरा धूर सोडला आणि बंद पडलं. खालचं तेल काढून पाहिलं तर ताकासारखं पांढरं. म्हणजे पाणी तेलात उतरत होतं. म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं गॅस्केट गेलं होतं. हे मी कोणालाही न विचारता ओळखलं, एवढं बाबूला दोनदा वाचायला सांगा.

झाकणाचे नट निघाले, पण झाकण निघेना. सात वर्षांचा गंज. शेजारचा मुखरू ढिवर तुम्हाला आठवत असेल, तलावावर जाळी टाकणारा. त्यानं जाळ्याचा दोर आणला, झाकणाला चार बाजूंनी बांधला, चिंचेच्या फांदीवरून घेतला आणि आम्ही दोघं दुसऱ्या टोकाला लोंबकळलो. झाकण तसंच राहिलं, मोटारीचं तोंड मात्र जमिनीपासून हातभर उचललं गेलं. मुखरू म्हणाला, “मोठी मासोळी असीच करते. जरा ढील देऊन पाहू.” आम्ही ढील दिली, मोटार खाली आदळली, झाकण तडकन सुटून वर गेलं आणि मुखरू गाईच्या गव्हाणीत पडला. (हाड मोडलं नाही. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, पण गव्हाणीत त्याची विडी सापडली ती मी परत केली, तेव्हा बोलला.) जुनं गॅस्केट पापडासारखं हातात आलं. तसलं नवीन नागपुरात मिळेना, मुंबईतही मिळणार नाही म्हणे. तेव्हा मी तांब्याच्या पत्र्याचं कापून घरीच केलं. असं सुंदर उतरलं की तुम्ही पाहिलं असतं तर करंजी खाली ठेवली असती. पत्रा कुठून मिळाला ते महत्त्वाचं नाही.

(इथे पत्र ठेवून उठलो होतो. मोटारीभोवती दोन चकरा मारून आलो. काही फरक नाही.)

आता दसऱ्याचं सांगतो. चार सिलिंडरचे आठ व्हॉल्व्ह असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. एकेक व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीवर घासून बसवायचा, आणि ज्याचा त्याच्याच जागी ठेवायचा. मी पाच दिवस घासून आठही बसवले, वर खडूनं आकडे टाकले, आणि बाकीच्या सगळ्या सामानासकट अंगणात गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवले. दसऱ्याच्या सकाळी ग्रीस आणायला ब्रह्मपुरीला गेलो. परत आलो तर गोणपाट रिकामं.

तुमच्या बहिणीनं सगळं सामान राखेनं आणि चिंचेनं घासून, चार पाण्यांनी धुऊन, देवापुढे पाटावर मांडलं होतं. उंचीप्रमाणे. मोठे मागे, छोटे पुढे, मधोमध पाना आणि बाजूला मुखरूचा दोर. प्रत्येकाला हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वर भरपूर अक्षता. इंजिनाच्या उघड्या पोटावरही अक्षता. खडूचा आकडा एकावरही नव्हता. शेजारपाजारच्या बाया येऊन पाहून जात होत्या, आमच्याकडे किती हत्यारं म्हणून. मी विचारलं, यातला कुठला कुठला? ती म्हणाली, “सारे सारखेच तं आहेत.” आणि मग, “तुमी पोरीसाठी करून राह्यले, म्हून मी मन लावून पूजा केली.” पूजेतल्या हत्याराला दसऱ्याला हात लावत नाहीत, म्हणून तो सगळा दिवस मी पाटासमोर बसून आठ व्हॉल्व्हांची तोंडं ओळखण्याचा प्रयत्न केला.

खरं सांगायचं तर चूक तिची नव्हती. मिलमध्ये वीस वर्षं आपण दसऱ्याला इंजिन धुतो, पुजतो, दुसऱ्या दिवशी जोडतो. तिथे सगळं एकेकच असतं. कुठला कुणाचा हा प्रश्नच कधी आला नाही. (तुम्ही हसू नका. बाबूलाही हसू देऊ नका.)

पुन्हा चार दिवस घासलं. कोजागिरीच्या दुपारी इंजिन जोडून झालं, हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. दादाजीभाऊ, काय आवाज होता तो. मी टोपी घातली, भागीरथेला म्हटलं पोरीचं लुगडं काढून ठेव, आणि मुखरूला बाजूला बसवून तलावाच्या मातीच्या पाळीपर्यंत नेली. पाळीवर आतून कोणी हातोडा मारतंय असा आवाज आला, तेलाचा वास आला आणि इंजिन आवळून बसलं. बैल लावून परत आणली. सारं नागभीड पुन्हा पाहत होतं.

उघडलं तर तेल वर जायच्या भोकात तीन अक्षता. धुतलेल्या पाण्यात भिजून, तापून, टम्म फुगलेल्या, अर्धवट शिजलेल्या, हळदीसकट. तेल चढलं नाही आणि खालच्या दांड्याचं बेअरिंग वितळलं. शिसं-कथील वितळवून नवं बेअरिंग ओतायचं काम मला येत नाही. मिलच्या इंजिनाचं गेलं तेव्हा तुम्हीच येऊन ओतलं होतं, मी फक्त भाता मारला होता.

आज पंचमी. वसुबारसेला सात दिवस. तुमची बहीण कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ब्रह्मपुरीला धाकट्या बहिणीकडे निघून गेली. जाताना काही बोलली ती, पण मी मोटारीखाली होतो, ब्रह्मपुरीच म्हणाली असेल. मुखरूची बायको सोमारी दोन वेळची भाकर आणून देते, पण माझ्याकडे असं पाहते की घास उतरत नाही. मी काही तुमचं म्हणणं खरं होतं असं म्हणत नाही. पण बेअरिंगचं सामान घेऊन पत्र मिळेल त्याच दिवशीच्या रेल्वेच्या छोट्या गाडीनं आले, तर दोन दिवसांत ओतून होईल, दीड दिवसात मी एटापल्ली गाठीन, आणि पोर वेळेत घरी येईल. दिवाळीचं जे काही होतं ते माझ्याकडून संपलं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला
डोमा

ता. क. (षष्ठी) – पत्र टाकायचं राहिलं, कारण एक गोष्ट पोटात ठेवून ते टाकवेना. तांब्याचा पत्रा म्हणून वर लिहिलं ते तुमच्या वडिलांनी आमच्या लग्नात दिलेलं आंघोळीच्या पाण्याचं गंगाळ. त्याचं बूड नेमकं मापाचं होतं. कड्या काढून जपून ठेवल्या आहेत. भागीरथेला माहीत नाही, गंगाळ माळ्यावर आहे असंच तिला वाटतं. तुम्ही येताना तसंच एक गंगाळ आणलं आणि गुपचूप वर ठेवलं, तर मी जन्मभर तुमचा ऋणी राहीन.

ता. क. दुसरं (सप्तमी) – आज मोटारीत बसून विचार करत होतो. दोन सिटा आहेत. एकावर मी, एकावर सुगंधा. सातव्यातल्या पोरीला आणायला आई पाहिजे, वाटेत काही झालं तर मी काय करणार? तुमच्या बहिणीनं मोटार पाहताच विचारलं होतं ते हे. मी ‘आधी इंजिन’ म्हणून टाळलं होतं. आता बाकीचं सगळं खोलून पडलं असताना हे सुचलं.

ता. क. तिसरं (दशमी) – बाबूले सांगा, इथून पुढं आमच्या बोलीत आहे, सावकाश वाच. दादाजीभाऊ, सुगंधा आली. आज दुपारी दारात बंडी थांबली. आत हातभर धानाचं तणीस, त्यावर गोधड्या, त्यावर पोरगी, अन् तिच्या उशाशी तुमची बहीण. ब्रह्मपुरीले गेलीच नव्हती ते. सर्व्हिसनं आलापल्ली, पुढं बंडी, जे पहिल्या दिवशी सांगतलं होतं तेच करून आली. मी मोटारीखालून निंघालो तं पोरगी म्हणे, “बाबा, तुमी मोटार घेऊन येनार होते न? मी रोज नाक्यावर येऊन पाह्यत होती.” मी मोटारीची शीट पुसून देली, तं ते तिथीच टेकून बसली. पाठीले बरं वाटते म्हणे. इंजन उघडं हाय, पन भोंगा वाजते, ते वाजवून हासली.

बेअरिंग राहू द्या. तुमी या, अन् गंगाळ तेवढं घेऊन या, गुपचूप ठेवाची गरज नाई. आताच भागीरथेनं पोरीच्या आंघोळीसाठी गंगाळ मागतलं. मी मोटारीकडं बोट दाखवलं.