जयश्रीचा मांडव

१३ एप्रिल १९९७
रविवार. चाळीत सभा झाली. संस्थेचे डॉक्टर हिंदीत बोलले. पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांतली आमची खान्देशी माणसं माना खाली घालून बसली. मग मीच उठलो. निरोध कसा वापरायचा, रक्त का तपासायचं, एका ताटात जेवून एड्स होत नाही — सगळं अहिराणीत सांगितलं. एकही गोष्ट लाजून गाळली नाही. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिरणीच्या रंगखात्यात पिंपांवरचं वाचून शिकलो; आता तिथलाच रंगमास्तर. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पुढच्या सभेत तुम्हीच बोला."

माझ्या खोलीतला हिलाल तपासणीला गेला. दुसरा, लोटू, हसला — "सुई टोचून घ्यायला मी काय म्हैस आहे?"

२२ एप्रिल
हिलालनं गच्चीवर नेलं. "काका, मन्हं लगीन मोडी टाका." रक्तात निघालं आहे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्याचं लग्न माझ्या पुतणीशी, जयश्रीशी. स्थळ मीच आणलेलं. तिच्या बापाला, धुडकूदादाला, म्हणालो होतो, कापडाचा रंग ओळखतो तसा मुलगा ओळखतो.

"पन कारन कोनले सांगू नका. मन्ही मायले गावात कोनी पानी भरू देवाव नही." मग म्हणाला, "त्या गल्लीत मी एकलाच नव्हतू. लोटू बी संगे व्हता."

शब्द दिला.

२३ एप्रिल
जेवताना हिलालनं नेहमीसारखी माझ्या ताटातली भाकरी मोडली. माझा हात थांबला. क्षणभरच. मग घास घेतला, पण त्यानं पाहिलं होतं.

२५ एप्रिल
बूथवरून दादाला फोन. म्हटलं, हे लग्न मोडा.

"का?"

"ते विचारू नका."

"पत्रिका वाटल्या, हळद दळली. पारख तुझी, आणि मोडतोसही तूच? माझ्या पोरीच्या कार्यात यापुढे तुझं तोंड नको."

फोन ठेवला. दादानं.

३० एप्रिल
हिलाल आता वेगळं ताट घेतो. स्वतः घासतो, कोपऱ्यात उपडं ठेवतो. कामावरही तेच डोळ्यांपुढे. आज किरमिजी रंग तीनदा फसला. माझ्या हातून!

५ मे
आखाजीसाठी चाळ रिकामी होते आहे. लोटूही निघाला, नवा सदरा घालून. माझ्या पाया पडला — कधी पडत नाही. म्हटलं, तपासून घे आधी.

"आल्यावर, काका."

मी गावी जात नाही. दादा तोंड नको म्हणाले आहेत.

९ मे
आखाजी. हिलाल आणि मी. पुरणपोळी कुणी केली नाही. जयश्रीला हळद लागली असती आज.

१२ मे
लोटू आला. मनगटावर हळद. मागे जयश्री, हातात ट्रंक.

आमच्याकडे घातलेला मांडव रिकामा उतरवत नाहीत. त्याच मुहूर्तावर दुसरा मुलगा उभा करतात. दादानं लोटूला उभं केलं. लोटू सांगतो, सासरे सगळ्यांना म्हणत होते — आमच्या भावाच्या खोलीतला आहे, पारखलेलाच असणार.

त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, आत्ता चल तपासणीला. तो हसला. "हिलालचं मोडलंत, आता माझंही मोडता?"

हिलाल भिंतीकडे तोंड करून पडला आहे. जयश्रीनं त्याचं उपडं ताट उचलून आमच्या ताटांत लावलं. आता विचारते आहे — "काका, चहा टाकू?"