घोणस, अजगर आणि माझ्या स्लाइड्स

३ नोव्हेंबर
अखेर शेजारगावच्या पालीकरांना माझी आठवण झाली. जन्मभर भोरला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा कुठे! रविवारी समाजमंदिरात भाषण. विषय : घोणशीचं विष आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी. भातकापणीत घोणस चावते, आणि ही मंडळी दोरी आवळून मांत्रिकाकडे पळतात. डोकं फिरतं माझं! रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर पेशींचं. विषाने त्या पेशी सुटतात, मरतात. रक्त झिरपतं, गोठत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

४ नोव्हेंबर
पालीचे रामभाऊ, म्हणजे आयोजक, स्लाइड्स बघून गेले. म्हणाले, "गुरजी, पेशी ऱ्हाऊ द्या. चावली की दवाखाना, येवढंच सांगा." सुलूने मान डोलावली. स्वतःच्या बायकोने! दोघांवर संतापून पेशींच्या स्लाइड्स वाढवल्या.

६ नोव्हेंबर, सकाळ
न्हाणीमागच्या सरपणात अजगराचं पिल्लू! भाषणाला जिवंत नमुना. सुलू म्हणते घोणस आहे, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारतेय, सर्पमित्राला बोलवा. जीवशास्त्र कोणी शिकवलं, तिने की मी? चांगला कडकडून वाद घातला. आता चिमट्याने धरून बरणीत घालतो.

६ नोव्हेंबर, दुपार
अंगठ्याला चावलं. चिमटाच भिकार. अजगर बिनविषारी असतो, पण सुलूला कोण सांगणार? पुन्हा वाद. सूज मनगटापर्यंत. तिच्या परकराची नाडी आवळून बांधली, केवळ खबरदारी म्हणून. दोरी नव्हे, नाडी.

नंतर
हिरड्यांतून रक्त येतंय. नवा ब्रश फार कडक आहे. कंपनीला झाडणार. सुलूने मला न विचारता शेजारच्या अजितची रिक्षा बोलावली. बरं, निघालोच आहोत तर वाटेत नसरापूरला मंत्र घालणारा एक आहे, त्याला बघून जाऊ म्हटलं. केवळ अभ्यास म्हणून. सुलूने अजितला रिक्षा थेट दवाखान्यात घ्यायला सांगितली. मग रडायला लागली.

८ नोव्हेंबर, दवाखाना. डाव्या हाताने.
डॉक्टर शेफाली, माझीच विद्यार्थिनी. काचेच्या नळीत माझं रक्त ठेवलं, ते गोठेना. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणाली. मग विचारलं, "सर, नाडी कोणी बांधली?" मी झोपेचं सोंग घेतलं.

रविवार
समाजमंदिर खचाखच भरलं होतं म्हणे. भाषण सुलूने केलं! स्लाइड्स घरीच. मोबाईलवर माझ्या सुजलेल्या हाताचा फोटो दाखवला. रामभाऊ मला भेटायला आले ते हसतच. "बाई लई झ्याक बोलल्या."
पेशींबद्दल काय सांगितलंस, मी सुलूला दरडावून विचारलं.
काही नाही, म्हणाली. एवढंच सांगितलं, की साप चावला की नवऱ्याशी वाद घालत बसू नका, आधी रिक्षा बोलवा.
टाळ्या पडल्या म्हणे. भयंकर राग आलाय. चार खरमरीत शब्द सुनावणार होतो, पण उजवा हात उचलवत नाही आणि वरण-भात तीच भरवते आहे.