लाडवांचा डबा

ज्योत्स्नाकाकूले नमस्कार,

तुझा अभिराम गेला त्याचं कारण चौकशीत ‘वारा’ लिहिलं. वारा नव्हता, काकू.

आमच्या तुकडीले विमानातून सगळ्या सामानासकट उडी घ्यायची होती. अंगाले बांधलेल्या पिशवीचं वजन दोन्ही बाजूंनी सारखं लागते. तू दोघांले मिळून दिलेला लाडवांचा डबा मी त्याच्या पिशवीत एका बाजूले कोंबला. खाली उतरल्यावर गंमत करू म्हटलं; त्याले सांगितलंच नाई. हवेत तो भोवऱ्यासारखा फिरत गेला. छत्री उघडलीच नाई.

काल हिंगणीले हेच सांगाले आलतो. निघताना तू लाडवांचा नवा डबा हातात दिला. म्हणाली, “आता त्याच्याही वाट्याचे तूच खाजो, बाबू.”

मी डबा घेतला.

नीलेश